मैदान कोणाचं, शिटी कोणाच्या हातात?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जयंतीच्या तयारीची बैठक विहाराच्या ओट्यावर भरली होती. डीजे, रोषणाई, बॅनर, भोजनदान असे खर्चाचे आकडे एकेक करून वहीत चढत होते. आम्ही उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतले पाचसहा कार्यकर्ते. आम्ही जरा चाचरतच विषय मांडला की, वर्गणीतले वीस हजार रुपये वस्तीतल्या पोरापोरींच्या फुटबॉलसाठी बाजूला काढावेत.

आधी हशा पिकला. मग मिलमध्ये आयुष्य घालवलेले एक काका उठले. वस्तीत त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "पोट्टेहो, बाबासाहेबानं शिका म्हणून सांगतलं. चेंडू लाथाडा म्हणून कुठं सांगतलं? खेळून खेळून काय होतीन, हमाल? पोट्टे शिकले तं साहेब होतीन."

त्या रात्री आमच्याकडे उत्तर नव्हतं. खोटं कशाला बोला. वीस हजारांचे पाच हजार झाले, म्हणजे डीजेच्या जनरेटरला एका रात्री लागतात त्याहून कमी. आम्ही दोन चेंडू, एक पंप, एक शिटी आणि चुन्याची पिशवी घेतली. गोलपोस्ट म्हणून विटा रचल्या. पण काकांचा प्रश्न आम्ही चार वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय आणि हा लेख त्याच प्रश्नाशी भांडण्यासाठी लिहितोय. फुटबॉलने समाज बदलतो, असं हल्ली सगळेच म्हणतात. संस्था म्हणतात, कंपन्या म्हणतात, सिनेमे म्हणतात. आम्ही आंबेडकरी कार्यकर्त्यांनी विचारायला हवं की बदलतो म्हणजे नक्की काय बदलतो, कोणाचं बदलतो आणि बदलाचा हिशेब कोण ठेवतं?

नागपुरात हा विषय नवा नाही. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. वस्त्यांमधली पोरं होमलेस वर्ल्डकपपर्यंत गेली आणि २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड नागपूरच्या या कामाला मिळाला. या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे आहेत हे दृश्य मोठ्या पडद्यावर आलं तेव्हा थिएटरात आमच्यातल्या काहींचे डोळे भरून आले होते. मुख्य प्रवाहातल्या हिंदी सिनेमाला ते दाखवायला किती दशकं लागली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पण सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या बहुतेकांच्या डोक्यात काय उरलं? एक भला सर होता, त्याने चोर पोरांना माणूस बनवलं. नागराजने तर कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंत दाखवली होती. भिंत कोणी बांधली हा त्याचा प्रश्न होता. प्रेक्षकांनी मात्र भिंत सोडून दिली आणि पोरांच्या खिशातले मोबाईल मोजले.

याचा अनुभव आम्हाला लवकरच आला. दुसऱ्या वर्षी एका कंपनीच्या सामाजिक निधीवाले दोघे आमच्याकडे आले. भली माणसं, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, यातली किती मुलं आधी गुन्हेगारीत होती? आम्ही म्हणालो, एकही नाही. एक दहावीत आहे, दोघं सकाळी पेपर टाकतात, एक आईला भाजीच्या गाडीवर मदत करतो. त्यांचा चेहरा पडला. मग एक जण हळूच म्हणाला, "व्यसनाधीन वगैरे? आम्हाला आधीचा आणि नंतरचा असा फोटो लागतो." आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्हाला जाळ्या आणि बूट हवे होते. आम्ही एका पोराला नाल्याच्या कडेला उदास बसवलं आणि फोटो काढू दिला. बूट आले. तो पोरगा पुढचे तीन आठवडे मैदानावर आला नाही. घरी गेलो तर तो नजर वळवून म्हणाला, "दादा, मी नाल्यावर कवा बसत होतो?"

त्या दिवशी आम्हाला पहिलं उत्तर मिळालं. ज्या फुटबॉलला आधी आमचं पोरगं गुन्हेगार ठरवावं लागतं, तो फुटबॉल समाज बदलत नाही. समाजाचं आमच्याबद्दलचं जे मत आहे ते तो फक्त पक्कं करतो आणि वर दयेचा शिक्का मारतो.

मग प्रश्न उरला की आमचा फुटबॉल वेगळा कसा? आम्ही वाचायला लागलो. बहुजनांच्या खेळाचा इतिहास वाचायचा म्हटलं की पहिलं नाव येतं पळवणकर बाळूंचं. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखायचं काम करता करता तो गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाला त्याचे बळी चालत, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. कर्णधारपदाची वेळ आली की गुणवत्ता कुठे जाई कोण जाणे. ते पद त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं ते १९२३ मध्ये, तेही भावांनी एकदा संघातून माघार घेऊन निषेध केल्यानंतर. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता, त्यांच्या सत्कारात त्यांचा पुढाकार होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं आणि बाबासाहेब जिंकले. या गोष्टीवर आमच्या अभ्यासवर्गात एकदा चार तास वाद झाला. बाळूंना दोष द्यायचा की नाही यावर आमच्यात अजूनही एकमत नाही. पण एका मुद्द्यावर सगळे सहमत होतो. बाळूंना मैदानात प्रवेश मिळाला होता, मैदान मिळालं नव्हतं. संघ कोण निवडणार, कर्णधार कोण होणार, कप कोणी कोणाला द्यायचा, हे सगळं दुसऱ्यांच्याच हातात राहिलं.

याच्या उलट एक गोष्ट दूर ब्राझीलमध्ये घडली. रिओ शहरात वास्को द गामा नावाचा क्लब १९२३ मध्ये शहराच्या लीगचा विजेता झाला. त्याच्या संघात काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब कामगार खेळाडू होते. श्रीमंत गोऱ्या क्लबांना हे झोंबलं. १९२४ मध्ये त्यांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला कळवलं की यायचं तर या, पण तुमचे बारा खेळाडू काढून टाका. रंगामुळे काढा, असं कोणी लिहिलं नाही. व्यवसाय बघा, शिक्षण बघा, सामाजिक पत बघा, अशी सभ्य भाषा होती. ही भाषा आपल्याला किती ओळखीची आहे! मेरिट, संस्कार, सोसायटीची वातावरणनिर्मिती. क्लबच्या अध्यक्षांनी ७ एप्रिल १९२४ ला पत्र लिहून सांगितलं की हे बारा जण जाणार नाहीत, आम्हीच तुमच्या लीगमध्ये येणार नाही. तुमच्याकडे धड मैदान नाही, असाही टोमणा त्यांना मारला जात होता. मग समर्थकांनी वर्गणी काढली आणि स्वतःचं स्टेडियम बांधलं. ते उघडलं २१ एप्रिल १९२७ ला. आपल्या महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एका महिन्याच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना, 'हे सार्वजनिक आहे, आमचंही आहे' असं माणसं म्हणत होती, हे वाचून आम्हाला बरं वाटलं एवढं खरं.

मैदान म्हणजे चवदार तळंच आहे, हे आम्ही पोरांना असंच समजावतो. तळ्यातलं पाणी ठरावाने १९२३ पासूनच सगळ्यांना खुलं झालं होतं, तरी बाबासाहेबांना जाऊन ते प्यावं लागलं. आमच्या वस्तीशेजारचं मैदानही कागदावर सार्वजनिकच आहे. पण संध्याकाळी चांगला अर्धा भाग शेजारच्या लेआउटमधल्या पोरांचा आणि नाल्याकडचा उतार आमचा, अशी वाटणी कोणी न सांगता ठरलेली होती. पावसाळ्यात त्या उतारावर काळी माती अशी चिकटते की बुटाचं वजन दुप्पट होतं आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत घोटा मुरगळतो. पहिल्या वर्षी चांगल्या भागावर आम्ही नुसता चुना मारला तर दोन जण येऊन सौम्यपणे म्हणाले, "तुमचं तिकडे आहे ना?" तुमचं तिकडे! आम्ही भांडलो नाही. आम्ही त्यांच्या पोरांना सामन्याचं आव्हान दिलं. सामना हरलो, पाच-एक. पण त्यानंतर चुना आमचाच राहिला, कारण मैदानावर रेघा आखण्याचं काम दुसऱ्या कोणाला नकोच होतं.

क्रिकेट सोडून फुटबॉलच का, असं आम्हाला नेहमी विचारतात. एक कारण साधं आहे, तो स्वस्त पडतो. दुसरं कारण मोमीनपुरा आणि कामठी. आमच्या शहरात या खेळाची जी जुनी परंपरा आहे ती मोठ्या प्रमाणात मुस्लिम मोहल्ल्यांनी जपली आणि त्यांच्याशी खेळायचं तर हाच खेळ खेळावा लागतो. तिसरं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभं राहून, कोणाला न शिवता अख्खा दिवस काढता येतो. फुटबॉलमध्ये अंगाला अंग घासतं, घाम लागतो, पडलेल्याला हात द्यावा लागतो. जात ही अंतर राखण्याची व्यवस्था आहे. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये ज्या समाजाची कल्पना केली त्यात लोकांच्या परस्पर संपर्काच्या वाटा मोकळ्या आहेत. संपर्क भाषणातून सांगता येतो, पण तो घडावा लागतो कुठेतरी.

आणि तो आपोआप घडत नाही, हे आम्ही आमच्याच संघात पाहिलं. इथून पुढचं लिहिताना हात जड होतो, पण बाहेरच्या लोकांवर टीका करून लेख संपवणं सोपं असतं.

केनियाच्या नैरोबीत मथारे नावाची मोठी झोपडपट्टी आहे. तिथे १९८७ मध्ये तरुणांची फुटबॉल संघटना सुरू झाली. तिचा एक नियम जगभर गाजला. संघांनी वस्तीतला कचरा साफ केला की त्यांना लीगमध्ये जादा गुण. नुसतं जिंकून चालत नाही, वस्तीसाठी काम करावं लागतं. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा सन्मान केला. आम्हाला हे फार आवडलं. खेळ, श्रमदान, वस्ती सगळं एकत्र. आम्ही उत्साहात आमच्या छोट्या लीगला तो नियम लावला. रविवारी सकाळी सहा संघांनी नाल्याची कड साफ करायची, ज्याचा भाग चांगला त्याला दोन गुण.

पहिल्याच रविवारी पंधरासोळा वर्षांची एक मुलगी घमेलं खाली ठेवून बाजूला उभी राहिली. ती सफाई कामगारांच्या लाइनीतली. तिची आई पहाटे झाडू घेऊन निघते. आम्ही विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "दादा, माय रोज लोकायचा कचरा उचलते. आता गोल मोजाले बी आम्ही कचराच उचलाचा का?"

सगळे गप्प. मग मागून आमच्याच एका पोराने जातीवरून एक विनोद केला. तो विनोद इथे लिहिण्यासारखा नाही. दोघंतिघं हसले. हसणारी पोरं आमच्या विहारात वंदना म्हणणारी. १४ एप्रिलला निळा फेटा बांधणारी. जातीच्या नावाने आपल्याला कोणी हिणवलं तर रस्त्यावर उतरणारी. आणि आम्ही, ज्यांनी शंभर वेळा जातिअंताची भाषणं दिली, आम्हीसुद्धा त्या क्षणी त्या पोराला लगेच अडवलं नाही. आमच्यातला एक जण तर "चल, काम करा" म्हणून विषय पुढे ढकलत होता.

नैरोबीतला नियम वाईट नाही. पण तिथे कचरा उचलणं हे कोणाच्या जन्माला बांधलेलं नाही. इथे ते आहे. झाडू ज्या देशात जातीचं चिन्ह आहे, तिथे श्रमदानाचं कौतुक करताना आपण कोणाच्या हातात काय देतोय हे बघावं लागतं. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटलं होतं. आम्ही ते पाठ केलं होतं, पण घमेलं वाटताना विसरलो.

त्या दिवशी सामने झाले नाहीत. आम्ही सगळ्यांना मैदानात गोल करून बसवलं. त्या मुलीने काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि आम्ही तिला बोलायला लावलं नाही. विनोद करणारा पोरगा आधी म्हणाला, मजाक होती. मग त्याला त्याच्याच संघातल्या गोलकीपरने विचारलं, "तुला शाळेत कोणी म्हटलं होतं ना बे तसं, तवा तू काऊन रडला?" पोरगा उठून गेला. दोन दिवसांनी परत आला. माफी मागितली की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही, कारण ती दोघं आमच्यासमोर बोलली नाहीत. पण पुढच्या सामन्यात तो तिला पास देत होता. आधी तो देत नसे, हेही आम्हाला तेव्हाच लक्षात आलं. अख्खं वर्ष कोण कोणाला चेंडू देतं याकडे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, फक्त गोल मोजत होतो.

कचऱ्याचे गुण रद्द झाले. त्या जागी काय आणायचं हे पोरांनी ठरवलं. ज्या संघाने दुसऱ्या दोन संघांच्या सामन्यात रेफरीचं काम केलं, लाइन आखली, गुणपत्रक लिहिलं, त्याला गुण. यात मोठी गंमत झाली. ज्याला कोणी मोजत नव्हतं अशा बारक्या पोराच्या हातात शिटी आली आणि दांडगी पोरं त्याच्यापुढे मान खाली घालून फाउल कबूल करायला लागली. पहिले चार सामने तर त्याने शिटी वाजवण्याऐवजी गळ्यातून काढून हातातच घट्ट धरून ठेवली होती.

दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटाच्या तुरुंगात वर्णद्वेषी सरकारने कोंडलेल्या राजकीय कैद्यांनी वर्षानुवर्षं मागणी करून फुटबॉल खेळण्याचा हक्क मिळवला. मिळाल्यावर त्यांनी नुसता चेंडू मारला नाही. मकाना फुटबॉल असोसिएशन स्थापन केली, फिफाच्या नियमांनुसार लीग चालवली, बैठका घेतल्या, इतिवृत्तं लिहिली, तक्रारींवर सुनावण्या घेतल्या. मंडेलांना वेगळं ठेवलं होतं, त्यांना त्यात खेळता आलं नाही. २००७ मध्ये फिफाने या तुरुंगातल्या संघटनेला मानद सदस्यत्व दिलं. ज्यांना राज्य माणूस मानत नव्हतं, त्यांनी नियम लिहिले आणि स्वतःवर लागू केले. काकांना आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे ते बी शिक्षणच झालं." आम्हाला चार वर्षांत न सापडलेलं उत्तर त्यांनी असं एका वाक्यात दिलं आणि वर चहा मागितला.

'तिसरा हाफ' ही पद्धतही आम्ही त्याच सुमारास उचलली. तिचं मूळ कोलंबियातल्या मेडेयीन शहरात आहे. १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये आन्द्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला आणि काही दिवसांत त्या शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर तिथे टोळ्यांमधल्या पोरांसाठी वेगळ्या नियमांचा फुटबॉल सुरू झाला. मुलंमुली एकत्र, रेफरी नाही, पहिला गोल मुलीनेच करायचा, सामन्याआधी बसून नियम ठरवायचे आणि सामन्यानंतर बसून एकमेकांना गुण द्यायचे. आमच्याकडे हा तिसरा हाफ पहिल्या महिन्यात फसला. पोरं बसायची, मान खाली घालून माती उकरायची आणि "सब ठीक आहे" म्हणून पळायची. आता पंधरा मिनिटांची चर्चा पाऊण तास चालते आणि अंधार पडतो तरी उठत नाहीत. कधीकधी आम्हालाच कंटाळा येतो, हेही सांगून टाकतो.

मुलींचा विषय मात्र आमचा सगळ्यात मोठा पराभव आहे, निदान दोन वर्षं होता. सुरुवातीला अकरा मुली यायच्या. वर्षभरात चार उरल्या. आम्ही कारणं शोधली. आईबाप सनातनी विचारांचे, हाफ पँट चालत नाही, भाऊ अडवतो, टपरीवरची पोरं शेरे मारतात. सगळी कारणं खरी होती. आमच्यातल्या एकाच्या स्वतःच्या घरी बहिणीला पाठवलं जात नव्हतं आणि तो मैदानावर स्त्रीमुक्तीवर बोलायचा, हेही खरं. आम्ही पालकसभा घेतल्या, रमाई-सावित्रीमाईंवर व्याख्यानं ठेवली. काही फरक नाही.

शेवटी त्याच मुलीने, जिने घमेलं खाली ठेवलं होतं, आम्हाला विचारलं, "दादा, तुमाले नळाची वेळ माहीत हाय का?"

नव्हती. आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती. वस्तीच्या वरच्या भागात नळ साडेपाचला येतो आणि पाऊण तासात जातो. सराव साडेपाचला असायचा. सात मुली सात घरांमध्ये पाणी भरत उभ्या होत्या आणि आम्ही सनातनी मानसिकतेवर सभा घेत होतो. ज्या पाण्यासाठी बाबासाहेबांनी महाड केलं, ते पाणी आपल्या घरात कोण भरतं, हे आम्हा कार्यकर्त्यांना माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी भरलंच नाही. सरावाची वेळ साडेसहाला नेली. पाच मुली परत आल्या. दोघी आल्या नाहीत, त्यातल्या एकीचं लग्न झालं होतं, अठरा पूर्ण व्हायच्या आधी की नंतर हे विचारायला आम्ही उशीर केला होता. त्या एका वाक्याचं ओझं आमच्यावर आहे. आणि साडेसहाला अंधार होतो म्हणून दिवा लागला. दिव्याला पैसे लागले. गेल्या वर्षी जयंतीच्या बैठकीत हा दिवा मागायला आम्ही उठलोच नाही, तीन मुली उठल्या. पैकी दोघी पाटीवरची रक्कम वाचून दाखवत होत्या आणि तिसरी डीजेच्या बिलावर बोट ठेवून उभी होती. काकांनी पहिला हात वर केला. दिवा मंजूर झाला, डीजे एक दिवस कमी झाला. यावर काही तरुण अजून आमच्यावर नाराज आहेत. त्यांचीही एक बाजू आहे. वर्षातून एकदा रस्ता आपला असतो, तो आवाज का कमी करायचा, असं ते म्हणतात. आम्हाला ते पूर्ण चूक वाटत नाही. फक्त दिवा वर्षभर जळतो.

आम्ही आता कुठे आहोत? आमच्यातून कोणी देशासाठी खेळणारं निघालेलं नाही. दोघं विद्यापीठाच्या संघाच्या निवडीपर्यंत गेले आणि परत आले. एक पोरगा शाळा सोडून गेला, आम्ही अडवू शकलो नाही. म्हणून फुटबॉल सगळं करतो, असं आम्ही म्हणणार नाही. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही तर ती फुटबॉलने येत नाही. त्यासाठी मोर्चाच काढावा लागतो आणि मोर्चात यंदा अर्धा संघ होता.

सध्याचं भांडण मैदानाचं आहे. ज्यांच्या ताब्यात ते आहे त्यांनी चांगला अर्धा भाग लग्नसमारंभांना भाड्याने द्यायचा घाट घातला आहे. मांडवाचे खड्डे आत्ताच दिसू लागले आहेत. याविरुद्धचं निवेदन आम्ही लिहिणार होतो, आमच्या सवयीच्या भाषेत, 'उपरोक्त विषयान्वये' वगैरे. पण खेळाडूंच्या समितीने ते आमच्याकडून काढून घेतलं. वहीच्या कागदावर, निळ्या पेनने, दोन पानं. त्यात मैदानाची लांबी आणि रुंदी पावलांनी मोजून लिहिली आहे. कोणत्या दिवशी किती जण खेळले याची नोंद गुणपत्रकांवरून काढून जोडली आहे, चार वर्षांची. खाली एकेचाळीस सह्या आहेत, पहिली त्या मुलीची. शब्दलेखनाच्या काही चुका आहेत, त्या आम्ही सुधारल्या नाहीत.

निवेदन सोमवारी द्यायचं आहे. सकाळी दहाला विहारासमोर जमायचं, तिथून चालत जायचं. जवळपासच्या वस्त्यांतल्या मंडळांनी, विद्यार्थी संघटनांनी यावं. येताना जमलं तर एखादा चेंडू आणा, कार्यालयात आत घेतलं नाही तर बाहेरच्या पटांगणात सामना खेळायचा असं पोरांनी ठरवलं आहे. रेफरी त्यांचाच असेल.

जय भीम!